वेबसाइट आहे, पण गुगलवर नाव टाकूनही सापडत नाही

खाडीपलीकडची:
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आंजर्ल्याला आमचं घरगुती निवास आहे. चार खोल्या, जेवण शाकाहारी. गेल्या दिवाळीत भाच्याच्या ओळखीतल्या एका मुलाकडून वर्डप्रेसवर वेबसाइट करून घेतली. दिसायला झकास आहे. पण गुगलवर आंजर्ल्यातलं राहणं शोधलं की बुकिंगच्या मोठ्या साइट्सच येतात. आमचं पूर्ण नाव टाकलं तरी आम्ही कुठेच नाही! छापलेलं माहितीपत्रक होतं, तेच साइटवर चढवलंय, त्यात सगळं आहे.
आता एका एजन्सीचे फोन सुरू झालेत. महिना आठ हजार, तीन महिन्यांत पहिल्या पानावर, गॅरंटी. दोनशे बॅकलिंका (म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका) देणार आणि कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) भरणार म्हणे. नवरा म्हणतो करून बघू, सासरे म्हणतात पैसे खाडीत टाका त्यापेक्षा. काय करू?

बाजीरावरोड:
ताई, माझं मत सासऱ्यांच्या पारड्यात टाका.
पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या मदतपानावर लिहून ठेवलंय. ते 'कीवर्ड भरणं' म्हणजे बहुतेक पानाच्या कोडमधला कीवर्डचा टॅग. तो आम्ही बघत नाही, असं गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय. आणि क्रमांक वाढवायला विकत घेतलेल्या लिंका त्यांच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतात. आठ हजारांत मोसमाआधी एक खोली रंगवून होईल.
तुमचं दुखणं वेगळं आहे. स्वतःच्या नावानेही साइट येत नाही, म्हणजे वरखाली क्रमांकाचा प्रश्नच नाही, गुगलच्या दप्तरी तुमची नोंदच नसावी. खात्री करून घ्या. गुगलच्या खिडकीत इंग्रजीत 'साइट' लिहा, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता. एकही पान आलं नाही तर वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, तिथे रीडिंग. खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारा एक चौकोन आहे. काम कच्चं असताना कोणाला दिसू नये म्हणून मुलं त्यात टिक करतात आणि साइट ताब्यात देताना ती तशीच राहते.
दुसरं, साइटवरच्या माहितीपत्रकावर बोट दाबून धरा. एखादा शब्द निवडता येतो का? नसेल तर तो नुसता फोटो आहे. फोटोतल्या मजकुरावर गुगलने शोधात आणावं अशी आशा धरू नका.

तांत्रिक_तात्या:
बाजीरावांशी सहमत. एक पुस्ती जोडतो. गुगलच्या यंत्राने कोणती पानं उघडू नयेत हे सांगणारी रोबॉट्सची फाइल असते, तिच्यातही बंदी नाही ना, ते बघा. तिथे पान अडवलेलं असेल तर गुगल ते उघडतच नाही, आणि मग पानावरची 'नोंद करू नका' ही सूचनाही त्याला वाचता येत नाही. बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं.

बाजीरावरोड:
तात्या, मुद्दा बरोबर आहे, पण ताईंना आधी टिक काढू द्या.

खाडीपलीकडची:
टिक होती!! काढली. आणि माहितीपत्रक फोटोच निघाला. प्रेसवाल्याकडून मूळ फाइल मागवली, त्यातला मजकूर साइटवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि कंस-चौकटी असला कचरा येतोय. फाइलमध्ये मात्र मराठी स्वच्छ दिसतं.

बाजीरावरोड:
प्रेसमध्ये जुन्या फाँटवर टाइप केलंय. तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. जुन्या फाँटचा मजकूर खऱ्या मराठी अक्षरांत बदलणाऱ्या युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. खरं सांगू? तो मजकूर सोडूनच द्या. 'निसर्गाच्या कुशीत विसावलेले' असलंच काही असणार त्यात, आणि ते शोधत कोणी येत नाही.
त्यापेक्षा फोनवर पाहुणे काय विचारतात ते आठवा. कासवांची पिल्लं कधी सोडतात? खेड स्टेशनवर उतरलो तर पुढे कसं यायचं? कड्यावरच्या गणपतीला आजीला नेता येईल का, पायऱ्या किती? गाडी दारापर्यंत येते का? लोक गुगललाही हेच विचारतात. कासवांचं एक स्वतंत्र पान करा: कोणत्या महिन्यांत बघायला मिळतात, पहाटे किती वाजता निघायचं, तुमच्या दारातून किनाऱ्यावर चालत किती वेळ लागतो. अमुक दिवशी दिसतीलच असं लिहू नका, ते कासवांच्या हातात आहे. मोठ्या बुकिंग साइटला तुमच्या दारापासूनची वाट माहीत नसते, तिथे तुमचं पान सरस ठरू शकतं.
मराठी पान वेगळं, इंग्रजी वेगळं ठेवा. मशीनचं भाषांतर न वाचता चढवू नका.
आणि ब्राउझरच्या टॅबवर तुमच्या पानाचं नाव काय दिसतं?

खाडीपलीकडची:
'होम'.

बाजीरावरोड:
वाटलंच. शोधात निळ्या ओळीत बहुधा तेच येतं. त्या जागी निवासाचं नाव, आंजर्ले, दापोली आणि 'शाकाहारी जेवण' एवढं बसवा. प्रत्येक पानाला वेगळं. मग सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनात साइट जोडा, फुकट आहे. तिथे साइटमॅप, म्हणजे तुमच्या पानांची यादी, द्या आणि मुख्य पानाची नोंद करायची विनंती करा. काही दिवस ते काही आठवडे लागतील, रोज विनंती करून ते लवकर होत नाही. पुढे लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले तेही तिथेच दिसेल, आणि पुढचं पान कशावर लिहायचं ते त्यावरूनच ठरवा.

हर्णैकर:
शेजारीच आहोत ताई. गुगलच्या नकाशावर बिझनेस प्रोफाइल काढलंय का? आमच्याकडे वेबसाइटच नाही, निम्मे फोन नकाशावरून येतात. पिन मात्र स्वतः जाऊन तपासा. आमची आधी खाडीत पडली होती, पाहुणे मचव्यातून यायचं का विचारत होते.

खाडीपलीकडची:
😄 प्रोफाइल नाहीये, आजच काढते. पाहुण्यांना म्हटलं चांगला रिव्ह्यू द्या, आमरस आमच्याकडून, तर चालेल का?

बाजीरावरोड:
नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गुगलच्या नियमात बसत नाही. आमरस सगळ्यांनाच वाढा आणि निघताना रिव्ह्यूची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवा. वाईट रिव्ह्यू आला तर त्यालाही उत्तर लिहा, पण सासऱ्यांना लिहू देऊ नका.