जुलैचा शेवटचा आठवडा: तुमच्या घरात कोणती आठवण निघते?

सकाळी लेकाच्या बॅगेत टॉर्च, बिस्किटाचा पुडा आणि जास्तीचे २०० रुपये ठेवताना त्याने पकडलं. "आई, मी आता नोकरी करतो." खरंय. पण २६ जुलै २००५ ला, मुंबई बुडाली त्या दिवशी, तो ४ वर्षांचा होता, पाळणाघरात, घाटकोपरला. मी फोर्टला. आमच्याकडे जेमतेम रिपरिप, कोणाला काही कल्पनाच नाही. नंतर आकडे वाचले, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास! एकाच शहरात. ४ ला निघाले, गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. उतरून रुळांवरून चालत. पाणी कमरेला आलं तेव्हा पुढच्या अनोळखी बाईची ओढणी धरली आणि माझी मागच्या मुलीने. रात्र एका चाळीत काढली. त्या काकूंनी १५-२० जणींना चहा दिला, कोरडे गाऊन दिले. पहाटे पोचले तर लेक पाळणाघराच्या मावशींच्या कुशीत गाढ झोपलेला. तो गाऊन परत करायला गेले होते, खोली सापडलीच नाही. अजून कपाटात आहे.

तुम्हीही लिहा. पावसाचंच हवं असं नाही, याच आठवड्यातलं काहीही.

डोंबिवलीकर
ताई, काटा आला अंगावर. मी अंधेरी ते ठाणे चाललो होतो, १४ तास. बाकी संध्याकाळी लिहितो, गाडी आली.

माणदेशी
आमच्याकडे २६ जुलै म्हणजे कारगिल. १९९९ ला काका द्रासला होते. पत्त्यात गावाचं नावच नाही, नुसतं ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. आजी पोस्टमनला विचारायची, "हे छप्पन कुठं आलं रं?" दोन महिने तिनं गोड खाल्लं नाही. रेडिओवर विजयाची बातमी लागली तरी नाही. काकांचं पत्र ऑगस्टात आलं, मग लापशी केली. ५२७ जवान परत आले नाहीत. त्यातलं एक घर आमच्या शेजारच्या गावातलं, म्हणून आजीनं लापशी गुपचूप केली, वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून.

बटाटेवडा
दार लावून लापशी... आजीला नमस्कार सांगा दादा.

माणदेशी
गेली ती २०१५ ला. जुलैतच, कलाम साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळा देश रडत होता, आम्हाला वाटायचं आजीसाठीच.

आंबेगावची
३० जुलै २०१४. माळीण. मी तेव्हा घोडेगावला शिकवत होते. सकाळी एसटी नेहमीच्या रस्त्याने गेली आणि चालकाला गावच दिसेना, नुसता चिखल. त्यानेच खबर दिली. १५१ माणसं. वर्गातल्या एका मुलीचं आजोळ तिथलं. ती आठवडाभर शाळेत आली, वही उघडून बसायची, लिहायची नाही. मीही लिही म्हटलं नाही. यापुढे नाही लिहवत.

डोंबिवलीकर
🙏

रंकाळा
सगळे पाण्याचंच लिहिताय म्हणून हे टाकतो. २६ जुलै १९०२, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. महाराज स्वतः तेव्हा इंग्लंडला होते. माझे पणजोबा महाराजांच्या एका बोर्डिंगात राहून शिकले, घरातला सही करणारा पहिला माणूस. त्यांची सही असलेली पावती फ्रेम करून लावलीय, दरवर्षी २६ ला हार घालतो.

आणि हो, २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली त्यात माझी आत्या होती! हजारावर माणसं, चहूकडे पाणी, नौदल आलं, बोटी आल्या. आत्याने शिदोरीतल्या दशम्या डब्यातल्या एका गरोदर बाईला दिल्या. गाडीत अशा ९ जणी होत्या, सगळ्या सुखरूप सुटल्या.

वाशिष्ठीकाठ
आमचं २२ जुलै २०२१, आठवड्यात नीट बसत नाही, चालवून घ्या. चिपळूण. पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी. २००५ लाही आलं होतं, म्हणून वडिलांनी माळ्यावर सामान चढवायची सवय ठेवली होती. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं पाहिली आणि बाबा तिथेच खाली बसले.

चौथीची आई
टिळकांवरून आठवलं, १ ऑगस्टला लेकीचं भाषण आहे. शेंगांच्या टरफलांशिवाय दुसरं काही सुचवा ना कोणीतरी.

रंकाळा
अण्णाभाऊ साठ्यांवर करू द्या. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. टिळक गेले तोच दिवस, तेच साल. दोघांवर मिळून बोलली तर फार छान होईल.

चौथीची आई
अय्या, तेच साल? लगेच बसवते तिला.

बटाटेवडा
३१ जुलै १९८०, रफीसाहेब. बाबा जुहूला अंत्ययात्रेत भिजत गेले होते, मोठा पाऊस होता. आईने ताप उतरेपर्यंत रागावणं थांबवलं होतं म्हणे.

वाशिष्ठीकाठ
@धागाकर्ती ताई, गाऊनवाली चाळ कुठली? माझी मावशी कुर्ल्याला नेहरूनगरला होती, तिनेही त्या रात्री बऱ्याच बायकांना ठेवून घेतलं होतं.

धागाकर्ती
नेहरूनगरच!! गाऊन पिवळा, बारीक जांभळी फुलं. मावशींना विचाराल का?

वाशिष्ठीकाठ
लावते फोन. दुपारी झोपतात, ४ नंतर.