मदत हवी आहे: थंड वारा सुटला की लेक फोर्क तलावातले बास मासे जातात कुठे?

डॅलसला राहतो. मार्च लागल्यापासून दर शनिवारी लेक फोर्कला गळ टाकायला जातोय. बायको म्हणते, एवढ्या पेट्रोलमध्ये वर्षभराची सुरमई आली असती!

तीन आठवड्यांपूर्वी पाणी ६२ अंश फॅरनहाइट होतं. काठच्या गवतात, दोन-तीन फूट पाण्यातच लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचे) बास गळाला लागले. त्यातला एक १९ इंची, तो सोडावाच लागला (इथे १६ ते २४ इंचांमधला ठेवता येत नाही). मग उत्तरेचा वारा सुटला, पाणी ५५ वर आलं, आभाळ लख्ख निळं, आणि दोन शनिवार हात हलवत परत. काल एकदाच गळाची दोरी जराशी बाजूला सरकली. झटका मारला तर वर आला नुसता आमिषाचा प्लास्टिकचा किडा, तोही शेपूट तुटलेला.

किडा अगदी हळू ओढून पाहिला, स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं आमिष) फिरवलं. अंडी घालायला काठाशी आलेले मासे गारठ्याने मागे सरकतात हे माहीत आहे, पण किती मागे? पाण्यात उभ्या वठलेल्या झाडांपाशी शोधू, की तलावाच्या तळाशी बुडालेल्या ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडेला? माझ्याकडे भाड्याची कयाक (वल्ह्याची छोटी होडी) आहे, सगळा तलाव पालथा घालणं जमत नाही.

शनिवारी पहाटे पाचला निघतोय. त्याआधी कोणी सांगेल का?