नवीन घरासाठी अलार्म: जुनी कंपनी, रिंग की गूगल? सल्ला हवा (न्यू जर्सी)

निर्झरा
नमस्कार मंडळी. एडिसनजवळ घर घेतलंय, पुढच्या महिन्यात किल्ल्या हातात येतील. अंगणात आधीच्या मालकांची एडीटी या अलार्म कंपनीची निळी पाटी अजून उभी आहे आणि कोटांच्या कपाटात अलार्मचा एक जुना पॅनेल आहे, त्यातून तारा भिंतीत गेलेल्या दिसतात.

परवा एका अलार्म कंपनीचा माणूस येऊन गेला. सामान जवळजवळ फुकट, पण ३६ महिन्यांचा करार आणि महिन्याला ५४ डॉलर. शेजारी म्हणतात, करारात अडकू नका, सरळ अॅमेझॉनची रिंग घ्या. नवऱ्याला गूगलचं हवंय, कारण घरात बाकीची उपकरणं त्यांचीच आहेत.

मला दोन काळज्या आहेत. एक, लग्नातलं सोनं. दुसरी जास्त मोठी: मे ते ऑक्टोबर आई-बाबा पुण्याहून येणार, आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर ते एकटेच. तुमच्याकडे काय आहे, आणि आज पुन्हा घ्यायचं झालं तर तेच घ्याल का?

अंगणवेडा
घराबद्दल अभिनंदन! आमच्याकडे तीन वर्षं रिंगची बेल आणि अलार्म आहे. दारं-खिडक्यांचे सेन्सर मी एका शनिवारी स्वतः चिकटवले, भिंतीला एक भोक पाडावं लागलं नाही. दारात कोण आलंय ते ऑफिसातून दिसतं, बोलताही येतं. फक्त एक लक्षात ठेवा, सबस्क्रिप्शन नसेल तर बेल त्या क्षणाचं चित्र दाखवते, पण आधीचं रेकॉर्डिंग मागे जाऊन बघता येत नाही. मी पुन्हा हेच घेईन.

सदाफुली
निर्झरा, दाराबाहेर कॅमेरा खुशाल लाव. घराच्या आत, विशेषतः आई-बाबांच्या खोलीत, लावू नकोस. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये रिंगविरुद्ध तक्रार दाखल केली, त्यात नोंद आहे की एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये कित्येक महिने महिला ग्राहकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ पाहिले. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

पोलिसांचाही मुद्दा आहे. २०२२ मध्ये अॅमेझॉनने सिनेटर एड मार्की यांना लेखी कळवलं की त्या वर्षी ११ वेळा, तातडीचं कारण म्हणून, मालकाच्या संमतीशिवाय पोलिसांना फुटेज दिलं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची (म्हणजे व्हिडिओ फक्त आपल्यालाच उघडता येईल अशी) सोय आहे, पण ती आपण स्वतः सुरू करावी लागते आणि केली की काही सोयी बंद होतात. मी सुरू केलंय, काही अडलं नाही.

कडीकोयंडा
मी न्यू जर्सीत नऊ वर्षं अलार्म बसवायचं काम केलं, आता दुसऱ्या व्यवसायात आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण या धंद्याचं गणित कळलं की निर्णय सोपा होतो.

जुन्या पद्धतीत सामानावर कोणी कमवत नव्हतं. मी पॅनेल, कीपॅड, तीन सेन्सर ‘फुकट’ बसवून यायचो. आमचा डीलर तुमचा सही केलेला करार मोठ्या कंपनीला विकायचा, महिन्याच्या बिलाच्या कित्येक पट किमतीला. म्हणजे विकला जात होता तो तुमचा मासिक हप्ता. म्हणून ३६ महिने, म्हणून मध्येच मोडल्यास उरलेल्या हप्त्यांचा मोठा हिस्सा भरा, आणि म्हणूनच मुदत संपताना न कळवल्यास करार आपोआप पुढे. एडीटी १८७४ पासून आहे, तेव्हा ती अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ होती. तारेवरून निरोप पोचवायचा हा धंदा तेव्हापासून महिन्याच्या पैशावरच चालत आलाय.

मोठ्या टेक कंपन्यांनी नेमका तिथे घाव घातला. अॅमेझॉनने २०१८ च्या सुरुवातीला रिंग घेतली आणि त्याच उन्हाळ्यात १९९ डॉलरची अलार्म किट आली. बसवा तुम्ही, करार नाही, मॉनिटरिंग, म्हणजे सेंटरमधून चोवीस तास लक्ष ठेवणं, महिन्याला १० डॉलर. आम्ही तेव्हा ४५-५० घेत होतो. त्या वर्षी माझ्या हातातली निम्मी कामं गेली, पण ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच होतं. रिंगच्या योजना आणि दर पुढे बऱ्याचदा बदललेत, तेव्हा आजचा आकडा स्वतः बघून घ्या. करार नाही याचा अर्थ दर वाढवायलाही त्यांना मोकळीक आहे.

गूगलची वाट वेगळी. त्यांनी २०१४ मध्ये नेस्ट ही स्मार्ट घरगुती उपकरणांची कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली, २०१७ मध्ये नेस्ट सिक्युअर नावाचा स्वतःचा अलार्म काढला, २०२० मध्ये विक्री थांबवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४५ कोटी डॉलर गुंतवून एडीटीचा ६.६ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे दारोदार जाणारी माणसं आणि सेंटर एडीटीचं, कॅमेरे आणि सॉफ्टवेअर गूगलचं. तेव्हा ‘जुनी कंपनी की गूगल’ हा प्रश्न आता तितका सरळ राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. सायरन वाजला की कुठल्यातरी सेंटरमध्ये बसलेला माणूस आधी तुम्हाला फोन करतो, मग पोलिसांना. पोलीस यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, पाटी कोणाचीही असो.

मृद्गंध
@कडीकोयंडा, उत्तम माहिती. नेस्ट सिक्युअरची गोष्ट पुरी सांगतो, कारण ती निर्झराच्या कामाची आहे. ८ एप्रिल २०२४ ला गूगलने त्याची सेवाच थांबवली. भिंतीवरचं यंत्र, सेन्सर सगळं धड, पण सर्व्हरशी नातं तुटलं आणि अलार्म म्हणून त्याचा उपयोग संपला. ५०० डॉलरला विकली गेलेली किट होती ती. शिवाय त्यात मायक्रोफोन आहे हे ग्राहकांना २०१९ मध्ये कळलं, आधी माहितीपत्रकात ते लिहिलेलंच नव्हतं. घराचं कुलूप वीस वर्षं टिकतं. अशा यंत्राचं आयुष्य मात्र ती कंपनी त्यात किती दिवस रस घेते त्यावर ठरतं, हे मला मनापासून खटकतं.

अंगणवेडा
पण हे जुन्यांनाही लागू आहे ना? २०२२ मध्ये एटी अँड टीने ३जी नेटवर्क बंद केलं तेव्हा कितीतरी जुने पॅनेल मुके झाले होते.

कडीकोयंडा
बरोबर. ते पॅनेल बदलत मी अख्खा हिवाळा काढलाय. फरक एवढाच की तेव्हा मोबाइल नेटवर्क गेलं होतं, पॅनेल बनवणारा पाठ फिरवून गेला नव्हता. निर्झराताईंच्या घरातला पॅनेलही त्याच पिढीचा असेल तर आज तो बाहेर कोणाला निरोप पाठवू शकत नसणार.

निर्झरा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. दोन प्रश्न. भिंतीतल्या जुन्या तारांचं काय करू? आणि आईची सवय: पहाटे पाचला उठून मागचं दार उघडणार, तुळशीला पाणी घालणार. रोज सायरन वाजला तर तीच घाबरेल.

कडीकोयंडा
तारा काढू देऊ नका! दाराच्या चौकटीत बसवलेले ते चुंबकाचे सेन्सर बॅटरीशिवाय चालतात आणि सहसा बिघडत नाहीत. तो विक्रेता ‘जुनं झालंय, सगळं वायरलेस करू’ म्हणेल, ऐकू नका. जुन्या तारा नव्या यंत्रणेला जोडणारी किट मिळतात, रिंगनेही एक काढली होती. बदलायचाय तो फक्त मधला पॅनेल.

आईंसाठी: रात्री ‘होम’ मोड ठेवा, आतले हालचालीचे सेन्सर त्यात बंद राहतात. मागच्या दाराला ४५-६० सेकंदांची सवड द्या, म्हणजे कीपॅडपर्यंत शांतपणे जाता येतं. आई-बाबांना स्वतंत्र कोड द्या, जन्मसाल नको. आणि सेंटरवाले फोनवर परवलीचा शब्द विचारतात, तो इंग्रजी उच्चारांच्या गोंधळात न सापडणारा ठेवा. आमच्या एका ग्राहक आजींचा ‘मोदक’ होता, एकदाही चूक झाली नाही. सेंटरच्या फोन यादीत तुमच्या दोघांनंतर मराठी येणाऱ्या शेजाऱ्यांचा नंबर टाका.

राहायला जाण्याआधी टाऊनशिपच्या (गावच्या) कार्यालयात विचारा. अनेक ठिकाणी अलार्मची नोंदणी सक्तीची आहे आणि खोट्या अलार्मला ठरावीक संख्येनंतर दंड असतो.

सदाफुली
आणि सोन्याचं! ताई म्हणून सांगते, अलार्मवर सोडू नकोस. आपल्याकडे सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे. जॉर्जिया, न्यू यॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत भारतीय आणि आशियाई घरं हेरून लुटणाऱ्या टोळीच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. ते लोक घरात माणसं असतानाच शिरायचे. म्हणून बँकेत लॉकर घे, घरी रोजचं मंगळसूत्र आणि बांगड्या एवढंच.

होमओनर्स पॉलिसीही (घराचा विमा) नीट वाच. नेहमीच्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई बहुधा १,५०० डॉलरपर्यंतच असते. दोन-तीन तोळ्यांच्या पाटल्यासुद्धा त्यात बसत नाहीत. दागिने मूल्यांकन करून वेगळे नोंदवावे लागतात. अलार्म असेल तर हप्त्यात सूट मिळते का तेही तेव्हाच विचार.

मृद्गंध
+१. आणि कुठलीही यंत्रणा घ्या, तीन गोष्टी दुकानातच विचारा: वीज गेली तर बॅटरी किती तास, वायफाय गेलं तर मोबाइल नेटवर्कवरून निरोप जातो का, आणि सबस्क्रिप्शन बंद केलं तर निदान सायरन तरी वाजतो का. माझ्या जुन्या घरी एका कंपनीची यंत्रणा होती, केबलवाल्याने खोदकामात तार तोडली आणि आम्ही चार दिवस सुरक्षित असल्याच्या समजुतीत झोपलो.

निर्झरा
ठरलं. ३६ महिन्यांच्या करारवाल्याला आज सकाळी नाही म्हणून कळवलं. जुन्या तारा ठेवून महिन्याच्या बोलीवर मॉनिटरिंग घेतोय, मोबाइल बॅकअपसह. कॅमेरे दोनच, पुढच्या दारी आणि गॅरेजपाशी, आत एकही नाही. नवराही यावर तयार झाला. लॉकरसाठी बँकेत शुक्रवारची वेळ घेतलीय.

आईला फोनवर परवलीचा शब्द निवडायला सांगितला तर ती म्हणाली, ‘प्राजक्त’. सेंटरवाल्यांना तो जमेल का, कडीकोयंडादादा?

कडीकोयंडा
जोडाक्षर आहे, अडखळतील. ‘जाई’ सुचवून बघा.