मदत हवी आहे: लेकीची स्विमिंग कोचबरोबर कॉलेज व्हिजिट, नक्की काय काय होतं?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक यंदा ज्युनिअर इयरला म्हणजे अकरावीला, ब्रेस्टस्ट्रोक करते. आम्हा दोघांच्या घरी खेळ म्हणजे नववीपर्यंत, दहावीला क्लास लागला की बंद, त्यामुळे हे रिक्रूटिंग प्रकरण (कॉलेजचे कोच टीमसाठी मुलं निवडतात ते) पार डोक्यावरून जातंय. पुढच्या महिन्यात दोन ठिकाणी जायचंय. एक पेनसिल्व्हेनियातलं डिव्हिजन थ्री कॉलेज (कॉलेजच्या खेळांच्या तीन गटांपैकी तिसरा, वन सगळ्यात वरचा), ते अनऑफिशियल म्हणजे सगळा खर्च आपला. दुसरं डिव्हिजन वन, त्यांनी ऑफिशियल व्हिजिटला बोलावलंय म्हणजे खर्च कॉलेजचा, दोन रात्री, ती टीममधल्या मुलींबरोबर डॉर्मवर राहणार म्हणे, आणि आम्ही हॉटेलात.

कोच तिला पोहून दाखवायला सांगतील का? आम्ही मीटिंगमध्ये बसायचं की बाहेर थांबायचं? स्कॉलरशिपचं कोणी विचारायचं, तिने की आम्ही? आणि हसू नका, पण सासूबाई म्हणतायत रिकाम्या हाताने जाऊ नका, कोचसाठी काजूकतली न्या 😅 न्यावी का?

डेकवरचा_बाबा:
काजूकतली राहू दे ताई, थँक्यूचा ईमेल पुरतो, आणि तो लेकीनेच लिहायचा. ट्रायल वगैरे काही नसते, डिव्हिजन वन आणि थ्रीला सहसा ते चालतच नाही, कोचला तिचे टाइम्स आधीच पाठ असतात. मीटिंगला तुम्हाला बोलावतात बहुतेक, पण बोलायचं तिने. आमच्या मुलाच्या वेळी एक कोच प्रश्न त्याला विचारायचा आणि उत्तर आमची ही द्यायची, तिसऱ्या प्रश्नाला त्या माणसाने खुर्चीच फिरवून पोराकडे तोंड केलं!

ऑफिशियलच्या आधी एनसीएए (कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) एलिजिबिलिटी सेंटरवर रजिस्ट्रेशन आणि शाळेची ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कांची नोंद लागते, ते झालंय ना बघा. 2023 पासून डिव्हिजन वनला एकूण पाचच ऑफिशियल व्हिजिट्स ही भानगड गेली, पण एका कॉलेजात साधारण एकदाच, त्यामुळे उगाच घाई करून वाया घालवू नका.

पैशाचं म्हणाल तर डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसतेच, तिथे मेरिट आणि नीड, ते फायनान्शियल एड ऑफिसला विचारा. डिव्हिजन वनला मात्र शेवटच्या मीटिंगला सरळ विचारायचं, लाजायचं नाही, आणि हे तुम्ही विचारलंत तरी चालतं.

पुणेकर_फिलीत:
वरच्या दादांना अनुमोदन. एक भर घालते, 2025 मध्ये एनसीएएवरच्या खटल्यात सेटलमेंट झाली, त्यानंतर बऱ्याच डिव्हिजन वन टीम्सच्या रोस्टरला (टीममधल्या खेळाडूंच्या संख्येला) कॅप आलीये, म्हणून तिला विचारू दे की तिच्या वर्षी ब्रेस्टस्ट्रोकच्या किती मुली ग्रॅज्युएट होतायत आणि कॉन्फरन्स मीटला (त्यांच्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेला) किती जणींना नेतात. कोच गोड बोलणारच, त्यांचं कामच ते. खरं काय ते रात्री डॉर्मवर मुली सांगतात, सकाळच्या प्रॅक्टिसनंतर लॅबला पोचता येतं का, दुखापत झाली की कोच कसे वागतात, मागच्या वर्षी किती जणी सोडून गेल्या. आणि तिथल्या तिथे ऑफर दिली तर हो म्हणू नका, कधीपर्यंत कळवायचं ते विचारून घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! रजिस्ट्रेशन राहिलंच होतं, आज रात्री बसतो. अजून एक, डिव्हिजन थ्रीवाल्या कोचने सांगितलंय की पुढच्या उन्हाळ्यात प्री-रीडसाठी मार्क्स पाठवा, अ‍ॅडमिशन ऑफिस आधीच बघून घेतं म्हणे. तिथून हिरवा कंदील आला तर त्यावर कितपत विसंबायचं? कोणाला अनुभव?