आकाश स्वच्छ असताना विमान एवढं का हादरतं?

पेठेतला_पाहुणा
परवा सकाळी लोहगावहून दिल्लीला गेलो, खाली ढगाचा ठिपका नाही आणि अचानक असा दणका बसला की चहा देणारी मुलगी ट्रॉली धरून मटकन खालीच बसली. बेल्टचा दिवा त्यानंतर लागला! पुढे रडार असतं ना, मग पायलटला आधी कळत कसं नाही? जानेवारीत आईला एकटीला पाठवायचंय. यात विमान तुटू शकतं का?

पाषाणचा_वारा
क्लिअर एअर टर्ब्युलन्स असणार, म्हणजे ढग नसताना हवेत उठणारी खळबळ. विमानाच्या रडारला पाण्याचे थेंब, गारा दिसतात, कोरडी हवा नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जेट स्ट्रीम जातो, ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडून सुसाट वारा, आणि त्याच्या कडेला थोड्याशाच उंचीत वेग एवढा बदलतो की हवेच्या थरांत लाटा उठून फुटतात. पुढच्या विमानाने रेडिओवर सांगितलं तर मागचा पायलट वेग कमी करतो, उंची बदलून मागतो. डोंगरामुळेही होतं, १९६६ मध्ये फुजीजवळ बोइंग ७०७ हवेतच तुटलं, १२४ लोक गेले.

सुगरण_कोथरूड
अरे फुजी कशाला काढलंस, काकू आता झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढतील 😄

रनवे१०
आताच्या विमानाचं तुटण्याचं टेन्शन घेऊ नका. बोइंग ७८७ चे पंख चाचणीत जवळपास २५ फूट वर वाकवले होते, तुटले नाहीत. लागतं ते माणसांना. १९९७ मध्ये जपानहून होनोलुलूला निघालेल्या ७४७ मध्ये एक बाई गेली, बेल्ट नव्हता. २०२४ चं सिंगापूर एअरलाइन्सचं आठवतंय? ६ हजार फूट कोसळलं म्हणून टीव्हीवर बोंब, तपासात निघालं की दणक्यात १७८ फूटच खाली आलं, बाकी पायलटने नंतर मुद्दाम उतरवलं. पण तेवढ्यात बेल्ट नसलेले छताला आपटले. (तिथे ढग वाढत होते म्हणे, म्हणजे ते क्लिअर एअरचं होतं का, तो वाद वेगळा.)

पाषाणचा_वारा
आणि हे क्लिअर एअरवालं वाढतंय बरं का. रेडिंग विद्यापीठाने २०२३ मध्ये मांडलं, उत्तर अटलांटिकवर त्याचा तीव्र प्रकार १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढला.

पेठेतला_पाहुणा
आईला शुगर आहे हो, सारखं उठावं लागतं.

रनवे१०
मग उठू दे की, दिवा बंद असताना पटकन जाऊन यायचं, बसल्यावर बेल्ट लावलेलाच ठेवायचा. सीट पंखाजवळची आणि आयलची घ्या, शेपटीकडे जास्त हलतं.