चादरीचा व्हिडिओ सर्चला येतो, होमवर का नाही?

मागवाला_सोलापूर: यूट्यूबवर जेकार्ड (विणतानाच नक्षी उमटणाऱ्या) चादरीचे व्हिडिओ टाकतो. 'सोलापुरी चादर' शोधलं की दिसतात, पण होमवर (यूट्यूब उघडताच दिसणाऱ्या पानावर) कुणालाच जात नाहीत. टॅग (व्हिडिओ टाकताना भरायचे शोधशब्द) वाढवू का?

सिद्धेश्वरपेठ: टॅगचा नाद सोडा. ५०० अक्षरांची जागा असली तरी उपयोग चुकीच्या स्पेलिंगपुरता: 'सोलापूरी', 'चद्दर'. सर्चसाठी शीर्षक बघा. मर्यादा १०० अक्षरं, पण मोबाइलवर शेपूट कापलं जातं, म्हणून 'सोलापुरी चादर' आधी, दुकानाचं नाव मागे. होमचं गणित वेगळं. तिथं कुणी काही शोधत नसतं. बघणाऱ्याने आधी काय पाहिलं, त्यावरून सुचवलं जातं.

कडकभाकरी: यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं अ‍ॅनालिटिक्स (आकडेवारी), मग रीच उघडा. इम्प्रेशन (थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं चित्र, किती वेळा दिसलं) भरपूर, पण त्यातले क्लिक २ टक्क्यांखाली? थंबनेल फसलंय. घडी घातलेल्या चादरीपेक्षा नक्षी जवळून दाखवा. क्लिक होतात, पण ३० सेकंदांत लोक पळतात? मग सुरुवातीचा लोगो अन् नमस्कार काढा, थेट मागाचा खटखटाट येऊ द्या.

मागवाला_सोलापूर: माझ्या फोनवर तर पहिलाच येतो!

कडकभाकरी: येणारच, स्वतःचेच व्हिडिओ रोज बघताय ना! इन्कॉग्निटोत (आधी पाहिलेलं न धरणाऱ्या खासगी मोडमध्ये) शोधून बघा.