मोबाइलने भिंत मोजून रंगाचा अंदाज घेता येतो का?

प्रश्न: खोली १०×१२ फूट, उंची साडेनऊ. मापाच्या अॅपवर लांब भिंत एकदा ११ फूट ८ इंच, एकदा १२ फूट ३ इंच येते. रंग किती आणू? तिथेच ४ फुटी फळीही ठोकायची आहे.

उत्तर: कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही, म्हणून माप सरकतं. दिवे लावा, कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा, फोन हळू फिरवा. तरी शेवटचं माप टेपनेच घ्या. हिशोब असा: २×(१०+१२)×९.५ = ४१८ चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ३८१. इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण १२० फूट धरा (डब्यावरचा आकडा बघून घ्या), म्हणजे ३.२ लिटर. ४ लिटरचा डबा घ्या. नवी पुट्टी असेल तर आधी प्रायमर, नाहीतर भिंत रंग पिते.

उत्तर: फळीसाठी लेव्हलचं अॅप चालेल, पण फोन कव्हर काढून लांब कडेवर उभा ठेवा; पाठीवर ठेवलात तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे डुगडुगतो. मग उलटसुलट फिरवून बघा, दोन्हीकडे सारखाच आकडा यायला हवा. १ अंश चुकला तर ४ फुटांत पाऊण इंचाहून जास्त उतार पडतो.

उत्तर: एक राहिलं. ‘भिंतीतली वायर शोधा’वाल्या अॅपवर विसंबून ड्रिल मारू नका. फोनमधल्या चुंबकीय सेन्सरला लोखंड कळतं, पीव्हीसी पाइपातली तांब्याची वायर नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नकोच, आणि मेन स्विच बंद.